मेंदूतील धमनीविस्फारावरील स्टेंट-उपचार : पुराव्याची एक चिकित्सा

प्रस्तावना

वैद्यकशास्त्रातील एखादे नवे साधन 'गुणकारी' आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या विधानामागे नेमका कोणता पुरावा उभा असतो, हा प्रश्न केवळ वैद्यकीय व्यावसायिकांचा नाही. निकष कोणी ठरवला, तुलना कशाशी केली, आणि जे मोजले तेच महत्त्वाचे होते काय, हे प्रश्न सर्वच ज्ञानशाखांच्या अभ्यासकांना पडतात. परीक्षेतील गुण म्हणजे विद्यार्थ्याचे आकलन नव्हे, हे आपण अध्यापक अनुभवाने जाणतो. तरीही गुण मोजणे सोपे असल्याने आपण गुणच मोजतो. अशाच स्वरूपाची अडचण जेव्हा मेंदूच्या धमनीत धातूची जाळी बसविण्याच्या निर्णयात येते, तेव्हा तिची किंमत फार मोठी असते.

वैद्यकीय व्यवहारात अ‍ॅन्युरिझम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेंदूतील धमनीविस्फारावर गेल्या पाव शतकात स्टेंटचा वापर झपाट्याने वाढला. या उपचारामागील महत्त्वाच्या प्रकाशित अभ्यासांची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, स्टेंटमुळे विस्फार बंद होतो हे पुरेशा प्रमाणात सिद्ध झाले आहे. मात्र त्यामुळे रुग्णाचे हित किती साधते, हा प्रश्न तितक्या काटेकोरपणे फार थोड्या वेळा विचारला गेला. या दोन प्रश्नांची सरमिसळ हाच या विषयावरील संशोधन-साहित्यातील मूलभूत दोष आहे.

१. व्याधीचे स्वरूप आणि उपचारांची वाटचाल

मराठी विश्वकोशात धमनीसाठी 'रोहिणी' ही संज्ञा योजलेली आहे. येथे व्यवहारात रुळलेला 'धमनी' हाच शब्द वापरला आहे. धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी दुर्बल होऊन रक्ताच्या दाबाने बाहेर फुगते, त्या फुगवट्यास धमनीविस्फार म्हणतात. मेंदूच्या तळाशी, जेथे धमन्यांना फाटे फुटतात, तेथे असे फुगवटे प्रामुख्याने आढळतात. प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे ३ टक्के व्यक्तींच्या मेंदूत असा विस्फार असतो, असा अंदाज आहे. त्यांपैकी बहुसंख्यांना तो आयुष्यभर कळतही नाही. परंतु तो फुटला तर मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होतो, क्षणात असह्य डोकेदुखी सुरू होते, आणि अशा रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावतात. वाचलेल्यांपैकीही अनेकांना कायमचे अपंगत्व येते. म्हणजे बहुतांश रुग्णांत निरुपद्रवी, परंतु काहींत प्राणघातक, अशी ही व्याधी आहे. उपचारविषयक सगळ्या वादाचे मूळ या द्विधा स्वरूपात आहे.

पोर्तुगालमधील एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण करून दाखविले आणि विस्फार जिवंत रुग्णात दिसू लागला. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये कवटी उघडून विस्फाराच्या मानेवर चांदीची क्लिप बसविली. पुढील अर्धशतक क्लिप हाच प्रमुख उपचार राहिला. मॉस्कोतील फ्योदोर सर्बिनेंको यांनी १९७४ मध्ये धमनीच्या आतून नेऊन सोडता येणाऱ्या फुग्यांचे तंत्र प्रसिद्ध केले आणि कवटी न उघडता उपचार करण्याची दिशा दाखविली. ग्वीदो गुल्येल्मी यांनी लॉस एंजेलिस येथे १९९० मध्ये प्लॅटिनमची मऊ कॉइल कॅथेटरमधून विस्फारात सोडून विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने विलग करण्याची पद्धत रुग्णावर वापरली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये तिला मान्यता दिली.

क्लिप की कॉइल, या वादाचा निर्णय करण्यासाठी योजलेली आंतरराष्ट्रीय चाचणी 'आयसॅट' या नावाने प्रसिद्ध आहे. फुटलेल्या विस्फाराच्या २,१४३ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली गेली. २००२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण कॉइल-गटात २३.७ टक्के, तर शस्त्रक्रिया-गटात ३०.६ टक्के होते. या चाचणीवरही आक्षेप घेतले गेले. तपासलेल्या ९,५५९ रुग्णांपैकी फक्त २,१४३ रुग्णच चाचणीत आले, त्यामुळे निष्कर्ष सर्वांना लागू करता येतील काय, हा आक्षेप रास्त आहे.

तथापि या चाचणीचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तिचा मुख्य निकष रुग्णाची अवस्था हा होता, विस्फाराचे चित्र हा नव्हता. नंतरच्या चित्रणात विस्फार पूर्ण बंद झाल्याचे प्रमाण क्लिप-गटात कॉइल-गटापेक्षा अधिक आढळले. केवळ चित्रावर निवाडा केला असता तर क्लिप विजयी ठरली असती. रुग्णावर निवाडा केला तेव्हा कॉइल सरस ठरली. चित्राचा निकाल आणि रुग्णाचा निकाल परस्परविरुद्ध असू शकतात, हे या विद्याशाखेच्या सर्वांत मोठ्या चाचणीनेच दाखवून दिले होते. पुढील संशोधनाने हा धडा किती गांभीर्याने घेतला, हे पाहणे उद्बोधक आहे.

२. स्टेंटचा प्रवेश आणि 'दुर्मीळते'ची सवलत

ज्या विस्फाराची मान रुंद असते, त्यात सोडलेली कॉइल मूळ धमनीत घसरून येऊ शकते. मानेसमोर धमनीत जाळीदार नळी बसविली तर कॉइल आत टिकून राहील, या साध्या विचारातून मेंदूतील स्टेंटचा जन्म झाला. हिगाशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या बॅसिलर धमनीतील फुटलेल्या विस्फारावर स्टेंट आणि कॉइल यांचा एकत्रित उपचार केल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. मेंदूच्या धमन्या काही मिलिमीटर व्यासाच्या, नागमोडी आणि आधाराला स्नायू नसलेल्या असतात. त्यांसाठी निकेल व टायटॅनियमच्या निटिनॉल या लवचिक मिश्रधातूपासून खास स्टेंट घडविण्यात आले. त्यांपैकी 'न्यूरोफॉर्म' २००२ मध्ये आणि 'एंटरप्राइज' २००७ मध्ये अमेरिकेत उपलब्ध झाले.

ही उपलब्धता कोणत्या मार्गाने झाली, हे येथे नोंदविणे अगत्याचे आहे. दोन्ही उपकरणांना नेहमीची पूर्ण मान्यता नव्हती. दुर्मीळ आजारांसाठी राखून ठेवलेली 'मानवतावादी उपकरण सवलत' मिळाली होती. तेव्हाच्या नियमानुसार वर्षाला ४,००० पेक्षा कमी अमेरिकी रुग्णांना होणाऱ्या आजारासाठी ही सवलत असे. तीत उपकरण सुरक्षित असल्याचे आणि लाभ संभवनीय असल्याचे दाखविणे पुरेसे असते. परिणामकारकता सिद्ध करण्याची अट नसते. २०१६ च्या कायद्याने ही मर्यादा ८,००० रुग्णांपर्यंत वाढविली.

सवलतीमागील हेतू स्तुत्य आहे. ज्या रुग्णासमोर दुसरा मार्ग नाही, त्याला मोठ्या चाचणीच्या निकालाची वाट पाहायला लावणे अमानुष ठरेल. परंतु दुर्मीळता ही निसर्गाने दिलेली स्थिर संख्या नाही. चुंबकीय अनुनाद चित्रण सर्वत्र उपलब्ध झाल्यावर डोकेदुखी किंवा चक्कर यांसारख्या तक्रारींसाठी केलेल्या तपासणीत अनपेक्षितपणे विस्फार आढळू लागले. ३ टक्के प्रौढांत असलेली गोष्ट शोधू लागल्यावर ती दुर्मीळ राहत नाही. अपवादात्मक रुग्णासाठी उघडलेले दार हळूहळू नित्याचा राजमार्ग बनते, आणि पुराव्याची पातळी मात्र अपवादाचीच राहते. अशा स्टेंटना पूर्ण मान्यता मिळण्यास २०१८ आणि २०१९ ही वर्षे उजाडावी लागली. तीही नियंत्रण गट नसलेल्या, एकाच गटाच्या अभ्यासांवर आधारलेली होती.

३. 'यश' या शब्दाची उकल

या विषयावरील शोधनिबंध वाचताना 'यशस्वी' हे विशेषण वारंवार भेटते. त्याचे तीन भिन्न अर्थ होतात. स्टेंट योग्य जागी बसला, हे तांत्रिक यश. विस्फार चित्रणात दिसेनासा झाला, हे चित्रणीय यश. रुग्ण जिवंत व स्वावलंबी राहिला आणि पुढे रक्तस्राव टळला, हे रुग्णाचे यश. पहिले दोन अर्थ काही तासांत किंवा महिन्यांत मोजता येतात. तिसऱ्यासाठी वर्षे लागतात आणि तुलनेसाठी दुसरा गट लागतो. साहजिकच पहिल्या दोन अर्थांचे निबंध विपुल आहेत आणि तिसऱ्याचे मोजके.

ही उकल का आवश्यक आहे, हे मिशेल पिओतँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून स्पष्ट होते. त्यांनी १,३२५ विस्फारांवरील उपचारांचा आढावा घेतला. त्यांपैकी २१६ विस्फारांवर स्टेंटच्या साहाय्याने, तर १,१०९ विस्फारांवर स्टेंटविना कॉइल-उपचार झाला होता. पुढील चित्रणात विस्फार पुन्हा उघडल्याचे प्रमाण स्टेंट-गटात १४.९ टक्के, तर स्टेंटविना गटात ३३.५ टक्के होते. येथवर स्टेंटची बाजू निर्विवाद दिसते. परंतु त्याच अभ्यासात प्रक्रियेमुळे मज्जासंस्थेला कायमची हानी झाल्याचे प्रमाण स्टेंट-गटात ७.४ टक्के, तर दुसऱ्या गटात ३.८ टक्के होते. आणि प्रक्रियेशी निगडित मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे ४.६ व १.२ टक्के होते. चित्र सुधारले, रुग्णांचे नुकसान वाढले.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंनी सावधगिरी बाळगली पाहिजे. हा अभ्यास यादृच्छिक नव्हता. मुळात अवघड, रुंद मानेच्या विस्फारांसाठीच स्टेंट निवडला गेला असणार, त्यामुळे वाढीव हानीचा सगळा दोष स्टेंटवर टाकता येत नाही. परंतु हाच युक्तिवाद उलट दिशेनेही लागू होतो. दोन गट तुलनीय नसतील, तर चित्रातील सुधारणेचे सगळे श्रेयही निःशंकपणे स्टेंटला देता येणार नाही. सोयीचा आकडा पुरावा म्हणून स्वीकारायचा आणि गैरसोयीचा आकडा निवडदोष म्हणून नाकारायचा, ही तर्कशास्त्रात बसणारी भूमिका नव्हे.

शिवाय 'पुन्हा उघडणे' आणि 'पुन्हा फुटणे' या एक गोष्टी नव्हेत. आयसॅटच्या दीर्घकालीन पाठपुराव्यात कॉइल-गटातील पुनर्रक्तस्राव क्लिप-गटापेक्षा अधिक असला, तरी एकूण प्रमाण अल्पच होते. चित्रात दिसणाऱ्या प्रत्येक पुनरुद्भवाला रक्तस्रावाइतके महत्त्व देऊन तो टाळण्यासाठी आज निश्चित धोका पत्करणे, हा हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे.

४. न फुटलेला विस्फार : न विचारलेला प्रश्न

हा हिशेब सर्वांत बिकट होतो तो योगायोगाने सापडलेल्या, न फुटलेल्या विस्फाराच्या बाबतीत. येथे रुग्ण निरोगी असतो. उपचाराचा धोका आज, एकदम आणि पूर्णपणे पत्करावा लागतो. न केलेल्या उपचाराचा धोका मात्र पुढील अनेक वर्षांवर विखुरलेला असतो. त्यामुळे उपचार न केल्यास काय घडते, याची माहिती असल्याविना उपचाराचे मूल्यमापन अशक्य आहे.

या संदर्भात दोन मोठे अभ्यास उपलब्ध आहेत. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, पूर्वी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागातील धमन्यांवरील ७ मिलिमीटरपेक्षा लहान विस्फारांपैकी पाच वर्षांत एकही फुटल्याचे आढळले नाही. ७ ते १२ मिलिमीटरच्या गटात हे प्रमाण २.६ टक्के, १३ ते २४ मिलिमीटरच्या गटात १४.५ टक्के आणि २५ मिलिमीटर व त्याहून मोठ्या विस्फारांत ४० टक्के होते. मेंदूच्या मागील भागातील धमन्यांवर हीच प्रमाणे लक्षणीयरीत्या अधिक होती. जपानमधील ५,७२० रुग्णांच्या पाहणीत विस्फार फुटण्याचे सरासरी वार्षिक प्रमाण ०.९५ टक्के आढळले. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या अभ्यासावर असा आक्षेप आहे की, ज्यांचा विस्फार धोकादायक वाटला त्यांच्यावर आधीच उपचार झाले आणि कमी धोक्याचेच रुग्ण निरीक्षणाखाली राहिले. आक्षेप वजनदार आहे. प्रत्यक्षात फुटलेल्या विस्फारांत लहान आकाराचे विस्फार अनेकदा आढळतात, हा चिकित्सकांचा अनुभवही त्याला पुष्टी देतो.

मतभेद मिटविण्याचा शास्त्रीय मार्ग एकच होता : न फुटलेल्या विस्फाराच्या रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून एका गटावर धमनीतून उपचार करणे आणि दुसऱ्या गटाचे केवळ निरीक्षण करणे. माँट्रियल येथील जाँ रेमाँ यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये 'टीम' या नावाने अशी चाचणी सुरू झाली. सुमारे २,००० रुग्णांचे उद्दिष्ट होते. तीन वर्षांत अवघे ८० रुग्ण सहभागी झाले आणि २००९ मध्ये चाचणी बंद करावी लागली. ज्या काळात जगभर हजारो रुग्णांवर हेच उपचार होत होते, त्याच काळात ते उपचार मुळात करावेत काय, हे तपासणाऱ्या चाचणीला रुग्ण मिळाले नाहीत. उपचाराविषयीची खात्री पुराव्याच्या आधी आली, आणि त्या खात्रीनेच पुराव्याची वाट अडवली.

येथे एक उपरोध नोंदविण्यासारखा आहे. विस्फार किती बंद झाला याचे तीन पायऱ्यांचे मोजमाप जगभर वापरले जाते, त्या वर्गीकरणाला रेमाँ यांचेच नाव आहे. चित्र मोजण्याची पट्टी ज्यांनी घडविली, त्यांनीच ती पट्टी पुरेशी नाही हे ओळखून रुग्णावर आधारलेल्या चाचणीचा आग्रह धरला. या विद्याशाखेतील आत्मपरीक्षणाचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

५. प्रवाह वळविणारे स्टेंट

आरंभीचे स्टेंट कॉइलला आधार देणारे होते. त्यानंतर आलेल्या 'प्रवाह वळविणाऱ्या' स्टेंटची कल्पना अधिक धाडसी होती. घट्ट विणीची जाळी मूळ धमनीत बसवायची, म्हणजे विस्फारात शिरणारा रक्तप्रवाह मंदावेल, आतील रक्त गोठेल आणि कालांतराने जाळीवर धमनीचे नवे अस्तर तयार होईल. या प्रकारातील 'पाइपलाइन' हे उपकरण ४८ तारांच्या विणीचे असून धमनीच्या भिंतीचा सुमारे ३० ते ३५ टक्के भाग धातूने झाकते. आजारी धमनीची जणू नव्याने बांधणीच करणारी ही कल्पना बौद्धिकदृष्ट्या अत्यंत आकर्षक आहे. तिची दुसरी बाजू अशी की, विस्फार त्याच क्षणी बंद होत नाही. मधल्या काळात तो फुटल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. शिवाय याच जाळीखाली मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म शाखा असतात, आणि धातूवर गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिनसह दुसरे प्रतिबंधक औषध महिनोन्महिने घ्यावे लागते.

'पाइपलाइन'ला अमेरिकेत एप्रिल २०११ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. तिचा आधार असलेल्या 'पफ्स' या अभ्यासात अंतर्गत कॅरॉटिड धमनीवरील मोठ्या व महाकाय विस्फारांचे १०८ रुग्ण होते. १८० दिवसांनी ७३.६ टक्के विस्फार अपेक्षित निकषानुसार पूर्ण बंद झाले, तर त्याच बाजूचा मोठा पक्षाघात किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने मृत्यू यांचे प्रमाण ५.६ टक्के होते. परंतु अभ्यासात नियंत्रण गट नव्हता. तुलना आधी ठरविलेल्या उंबरठ्यांशी होती : परिणामकारकता ५० टक्क्यांपेक्षा अधिक असावी आणि गंभीर हानी २० टक्क्यांपेक्षा कमी. महाकाय विस्फाराचा नैसर्गिक धोका विचारात घेता हे उंबरठे अगदीच अनाठायी म्हणता येणार नाहीत. तथापि पाचपैकी जवळजवळ एका रुग्णाची हानी ज्या चौकटीत स्वीकारार्ह ठरते, त्या चौकटीत मिळालेले 'यश' लहान विस्फारांना लावता येत नाही. प्रत्यक्षात मान्यतेनंतर वापराची कक्षा विस्तारत गेली. ७९३ रुग्णांच्या 'इंट्रेपेड' या नोंदवही-अभ्यासात मज्जासंस्थेची गंभीर हानी व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ८.४ टक्के आढळले. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मागील भागातील धमन्यांवरील उपचारांत हे प्रमाण त्याहून बरेच अधिक होते.

यादृच्छिक चाचण्या उशिरा आल्या, पण आल्या. कॅनडातील 'फियाट' या चाचणीत ज्या ७५ रुग्णांना प्रवाह वळविणारा स्टेंट नेमून दिला गेला किंवा बसविला गेला, त्यांपैकी १२ जण, म्हणजे १६ टक्के, मृत किंवा परावलंबी झाले. त्यांत ८ मृत्यू होते. आधी ठरविलेली सुरक्षिततेची मर्यादा ओलांडल्याने चाचणी थांबविण्यात आली. हा अहवाल २०१७ चा. मात्र अभ्यासकाने येथेच थांबणे अन्यायाचे होईल. याच चाचणीचे अधिक रुग्णांवरील निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्यतः न फुटलेल्या, कॅरॉटिड धमनीवरील मोठ्या विस्फारांच्या बाबतीत चित्रणीय परिणामाच्या दृष्टीने हा स्टेंट पर्यायी उपचारांपेक्षा सरस असल्याचे त्यांत आढळले. चीनमधील २०१८ च्या यादृच्छिक चाचणीतही सहा महिन्यांनी पूर्ण बंद झालेल्या विस्फारांचे प्रमाण प्रवाह वळविणाऱ्या स्टेंटच्या गटात सुमारे ७५ टक्के, तर आधार-स्टेंट व कॉइलच्या गटात सुमारे २५ टक्के होते. गुंतागुंती किंचित अधिक होत्या, पण फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. चित्राच्या पातळीवर श्रेष्ठत्व सिद्ध झाले आहे, हे मान्य करावेच लागते. रुग्णाच्या पातळीवर तेच श्रेष्ठत्व तितक्या ठामपणे सांगता येत नाही, हेही त्याच प्रामाणिकपणे म्हणावे लागते.

६. शेजारच्या व्याधीचा धडा

चित्र आणि रुग्ण यांतील अंतर किती मोठे असू शकते, याचे उदाहरण मेंदूतीलच दुसऱ्या व्याधीने दिले. चरबी साठून अरुंद झालेली धमनी स्टेंटने रुंद करावी, ही कल्पना स्वयंसिद्ध वाटावी इतकी सरळ आहे. त्यासाठीचा 'विंगस्पॅन' हा स्टेंटही २००५ मध्ये त्याच मानवतावादी सवलतीने उपलब्ध झाला. 'सॅम्प्रिस' या यादृच्छिक चाचणीने त्याची तुलना केवळ औषधोपचाराशी केली, तेव्हा तीस दिवसांतील पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण स्टेंट-गटात १४.७ टक्के, तर औषध-गटात ५.८ टक्के निघाले. ४५१ रुग्णांनंतर २०११ मध्ये नवीन रुग्ण घेणे थांबविण्यात आले. धमनी रुंद होत होती, चित्र सुंदर दिसत होते. परंतु रुग्णाला औषधेच अधिक हिताची होती. अरुंद धमनी आणि विस्फार या भिन्न व्याधी आहेत, त्यामुळे हे आकडे येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. मात्र तुलना केल्याखेरीज हे सत्य कधीच कळले नसते, हा पद्धतिशास्त्रीय धडा निश्चितपणे लागू होतो.

७. प्रतिपक्षाचा विचार

वरील टीकेवर काही गंभीर उत्तरे संभवतात. पहिले असे की, महाकाय किंवा धमनीच्या संपूर्ण परिघाला व्यापणाऱ्या विस्फारावर क्लिप व कॉइल दोन्ही बहुधा निरुपयोगी ठरतात, आणि उपचार न केल्यास पाच वर्षांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक धोका असतो. अशा रुग्णासाठी स्टेंट हे वरदानच आहे. हे उत्तर पूर्णतः मान्य आहे; प्रस्तुत टीका तेथे लागूच होत नाही. दुसरे उत्तर असे की, उपकरणे इतक्या वेगाने सुधारतात की चाचणी पूर्ण होईपर्यंत तिचा विषय कालबाह्य होतो. त्यात तथ्य आहे. पण प्रत्येक नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीच्या अपुऱ्या पुराव्याच्या खांद्यावर बसून येत असेल, तर अपुरेपणाही वारशाने पुढे जातो. तिसरे उत्तर चिकित्सकाच्या कौशल्याचे आहे. कुशल हातांत गुंतागुंती कमी होतात हे खरे. परंतु रुग्णाला सांगितला जाणारा धोका त्या केंद्राचा व त्या हातांचा असावा, निबंधातील सर्वोत्तम केंद्राचा नव्हे, हाच त्याचा निष्कर्ष होय.

ही चिकित्सा निष्फळ गेली असेही नाही. अमेरिकेतील हृदय व पक्षाघात संघटनांच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, फुटलेल्या पिशवीसारख्या विस्फारावर साधी कॉइल किंवा क्लिप शक्य असेल, तर अधिक गुंतागुंती टाळण्यासाठी स्टेंट किंवा प्रवाह वळविणारे उपकरण वापरू नये. रक्तस्राव नुकताच झालेल्या रुग्णाला गुठळी-प्रतिबंधक औषधे देण्याची सक्ती स्टेंटमुळे येते, हे या भूमिकेमागील महत्त्वाचे कारण आहे.

८. भारतीय संदर्भ

वर उल्लेखिलेले बहुतेक पुरावे अमेरिका, युरोप, कॅनडा, जपान व चीन येथील आहेत. ते आपल्याकडे वापरताना काही प्रश्न नव्याने उभे राहतात. स्टेंट बसविल्यावर उपचार संपत नाही, सुरू होतो. दोन औषधे न चुकता काही महिने घ्यायची, त्यांपैकी एक पुढेही चालू ठेवायचे आणि ठरावीक काळाने चित्रणासाठी मोठ्या शहरात यायचे, हे पथ्य त्यात गृहीत धरलेले असते. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या आतल्या गावातील रुग्णाने खर्चापायी अथवा गैरसमजाने गोळ्या थांबविल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. क्लिपच्या बाबतीत असे औषधांचे परावलंबन नसते. शिवाय क्लोपिडोग्रेल हे औषध शरीरात कार्यान्वित होण्यासाठी लागणारे विकर आनुवंशिक कारणाने दुर्बल असण्याचे प्रमाण दक्षिण आशियाई लोकसंख्येत दुर्लक्षणीय नाही. त्यामुळे पाश्चात्त्य चाचण्यांतील सुरक्षिततेचे आकडे येथे तपासून घेणे आवश्यक ठरते.

किमतीचा प्रश्नही आहे. राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये ठरली. मेंदूतील विस्फाराचे स्टेंट त्या निर्णयाच्या कक्षेत नव्हते. 'स्टेंट' हा एकच शब्द ऐकून दोन्हींचा खर्च, धोका आणि पुरावा सारखाच समजणाऱ्या रुग्णाच्या कुटुंबाला हा फरक समजावून सांगणे, हे संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वीचे कर्तव्य आहे.

या चित्राला एक आशादायक बाजू आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या निटिनॉल मिश्रधातूचा उपयोग करून प्रवाह वळविणारा स्टेंट विकसित केला. त्याचे तंत्रज्ञान २०२१ मध्ये पुण्यातील बायोरॅड मेडिसिस या कंपनीला हस्तांतरित केल्याचे जाहीर झाले. त्या वेळी प्राण्यांवरील चाचण्या झाल्या होत्या. मानवी चाचण्या पुढे व्हावयाच्या होत्या. देशी उपकरण स्वस्त असणे ही मोठीच गोष्ट आहे. परंतु त्याहून मोठी संधी मानवी चाचणीच्या आराखड्यात दडलेली असते. नियंत्रण गटाविना विस्फार किती बंद झाले एवढेच मोजायचे, की रुग्ण एका वर्षाने आपले काम स्वतः करतो काय, गोळ्या त्याला परवडल्या काय, तो पाठपुराव्याला येऊ शकला काय, हेही तुलनेने मोजायचे, याचा निर्णय आरंभीच करावा लागतो. जगाने जो प्रश्न उशिरा विचारला, तो येथे आधी विचारता येतो.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, मोठ्या, रुंद मानेच्या आणि अन्यथा असाध्य विस्फारांत स्टेंट हे मोलाचे साधन आहे. त्याची उपयुक्तता नाकारणे हा या लेखाचा हेतू नाही. दुसरा, या साधनाच्या बाजूने मांडला गेलेला पुरावा बहुतांशी विस्फाराच्या चित्राविषयीचा आहे. आयसॅट आणि सॅम्प्रिस या दोन चाचण्यांनी चित्राचा व रुग्णाचा निकाल परस्परविरुद्ध असू शकतो हे दाखवूनही हा भेद पुरेशा कसोशीने पाळला गेला नाही. तिसरा, लहान व न फुटलेल्या विस्फारांच्या बाबतीत 'उपचार करावा काय' हा पहिला प्रश्न निर्णायकपणे सुटण्यापूर्वीच 'कोणत्या स्टेंटने करावा' या दुसऱ्या प्रश्नावर संशोधनाची शक्ती खर्च झाली.

योगायोगाने सापडलेल्या लहान विस्फाराचे चित्र हाती घेऊन एखादी व्यक्ती चिकित्सकासमोर बसते, तेव्हा ती भ्यालेली असते. त्या क्षणी 'बंद करून टाकू' हे शब्द दिलासा देणारे वाटतात, कारण चित्रातील फुगवटा दिसतो आणि टळलेली हानी दिसत नाही. माझ्या वयाच्या, माझ्या आकाराच्या विस्फारात काहीही न केल्यास दहा वर्षांत धोका किती, आणि या रुग्णालयात या उपचाराचा धोका आज किती, हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडून मागण्याचा तिला अधिकार आहे. ते आकडे देता येतील असे संशोधन करणे हे शास्त्राचे काम आहे, आणि ते मागता येतील असे नागरिक घडविणे हे आपले, अध्यापकांचे.